दिवा दिसला की बटण दाबायचं

घारूला नापास व्हायचं होतं आणि तेच काही केल्या जमत नव्हतं.

डोळ्यांच्या दवाखान्यात शिरल्याबरोबर पहिल्याच खोलीत तिला भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. तिने वरच्या टपोऱ्या अक्षरापासून तळाच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत सगळी घडाघडा वाचून टाकली. उजव्या डोळ्याने वाचली, डाव्या डोळ्याने वाचली. तपासणाऱ्या माणसाने स्वतःचा चष्मा कपाळावर सारला आणि तिच्या केसपेपरकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"तुमचे डोळे माझ्यापेक्षा बरे आहेत," तो म्हणाला. "आणि सर्टिफिकेट कसलं हवंय म्हणालात? कमी दिसण्याचं?"

शेजारी उभ्या असलेल्या आईचे खांदे ताठ झाले. लेकीचे डोळे चांगले आहेत असं कुणी म्हटलं की तिचे खांदे आपोआप ताठ व्हायचे, वर्षानुवर्षांची सवय होती ती. आज तेच वाक्य आपल्या मुळावर आलंय हे तिच्या ध्यानात यायला क्षणभर वेळ लागला.

घारू हे नाव बाबांनी ठेवलेलं. लहानपणी रस्त्याच्या टोकाला बस दिसली न दिसली की ही तिचा नंबर सांगायची, म्हणून घार, आणि लाडाने घारू. बसचा नंबर ती अजूनही सांगते. पण बसकडे बघत पाऊल टाकलं की पायाजवळची बादली, झोपलेलं कुत्रं, फुटपाथची कड, यांतलं काहीच तिला दिसत नाही. तिची नजर मधोमध लख्ख आहे. बाजूने मात्र ती आत आत सरकत चाललीय, बंद दाराच्या किल्लीच्या भोकातून पलीकडची खोली बघावी तसं तिचं जग झालंय. त्यातही गंमत अशी की भोकाभोवतीचं दार तिला दिसत नाही. कडेला काळं काही नसतं, अंधार नसतो. जे दिसत नाही ते दिसत नाही हेसुद्धा कळत नाही. आवाज न करणाऱ्या चोराला पकडणं जितकं कठीण, तितकंच हे.

मग उरलेलं जग ती कानाने, पायाने आणि अंदाजाने भरून काढायची. दार करकरलं की दार उघडं आहे. पाण्याचा आवाज बदलला की बादली भरत आली. कुणी खाकरलं की माणूस डाव्या हाताला आहे. तिकडे वळून ती अशी झकास हसायची की समोरच्याला शंकाही येऊ नये. "दिसलं का गं?" असं कुणी विचारलं की विचारणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचा "हो" तयार असायचा.

आईला हे ठाऊक होतं आणि नव्हतं. आई घरातच पाळणाघर चालवायची. पुढच्या खोलीत दिवसभर रांगणारी, धडपडणारी पोरं आणि त्यांची खेळणी. खेळणी भिंतीकडेला लावायची हा घरातला कडक नियम होता, आणि तो पोरांसाठी आहे असं आई सगळ्यांना सांगायची. मागच्या महिन्यात घारूचा पाय एका वर्षाच्या पोराच्या बोटांवर पडला. पोर काळंनिळं होईपर्यंत रडलं. संध्याकाळी त्याची आई न्यायला आली तेव्हा घारूच्या आईने सांगितलं, ड्रॉवर बंद करताना बोट सापडलं हो, माझंच दुर्लक्ष झालं. घारू आतल्या खोलीत उभी राहून ऐकत होती. त्या दिवसापासून ती पुढच्या खोलीतून पाय उचलून चालतच नाही, फरशीवरून घासत नेते. पायांत चपला घालून घासू नकोस, झिजतात, एवढंच आई एकदा म्हणाली.

तर अशा घरातून ही पोरगी कमी दिसण्याचा दाखला मागायला आली होती, आणि कारण कॉलेज.

कॉलेजात घारूचा विषय वनस्पतिशास्त्र. मायक्रोस्कोपवर तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. अहो, कसं असणार? मायक्रोस्कोपातून बघताना सगळ्यांनाच एवढंस्सं गोल दिसतं. बाकीचे त्या गोलात चाचपडायचे, हिचा सगळा जन्म त्या गोलात गेलेला. पानाच्या आतल्या पेशी ती अशा काढायची की मॅडम तिची वही पुढच्या वर्गाला दाखवायला ठेवून घेत. पण प्रश्नपत्रिका म्हणजे मायक्रोस्कोप नव्हे. गेल्या वर्षी जोड्या लावायच्या प्रश्नात उजवीकडे दुसरा रकाना आहे हे तिला कळलंच नाही. प्रश्न अर्धवट छापलाय असं समजून तिने सोडून दिला. एक ओळ संपली की पुढची ओळ शोधण्यात तिचा जीव जायचा, बोट ठेवून ठेवून वाचायची, आणि निम्मा पेपर कोरा राहिला. विषय राहिला. या वर्षी पुन्हा राहिला तर पुढच्या वर्षाचं दार बंद, असा कॉलेजचा नियम.

परीक्षा विभागातल्या कारकुनाला तिने धीर करून विचारलं होतं. तो भला माणूस. "मोठ्या अक्षरांत छापून देऊ," म्हणाला.

"मोठी अक्षरं नकोत. मोठी असली की माझ्या नजरेत दोनच मावतात. एकाच रकान्यात छापा आणि थोडा वेळ जास्त द्या."

"देऊ की. डॉक्टरांचा कागद आणा. अक्षरं वाचण्यात कमी असाल तर तसा, नाहीतर नजरेचा घेर ठरलेल्या वर्तुळाच्या आत आहे असा नकाशा. सोमवारी यादी बंद होते."

मॅडमची सही लागायची होती. मॅडमनी अर्जावरून नजर उचलून तिला आपादमस्तक न्याहाळलं. "मायक्रोस्कोपवर तुझ्यासारखा डोळा माझ्या पाहण्यात नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुला दिसत नाही? कुणाला सांगतेस?" सही केली, पण पेन जरा आपटून ठेवलं. तेव्हापासून घारूच्या मनात एकच भीती घर करून बसली होती. आपण खोट्या ठरणार. आपला आजार पुरेसा नाही निघणार.

आज शुक्रवार होता.

*

मशीनची खोली लहान होती आणि खिडकीला काळा कागद चिकटवलेला होता. टेबलावर एक भलीमोठी पांढरी वाटी आडवी करून ठेवावी तसं यंत्र. हनुवटी टेकायला एक आडवी पट्टी, कपाळ टेकायला दुसरी. मशीनवाल्या बाई पन्नाशीच्या होत्या. दिवसभर तेच तेच बोलून त्यांचं बोलणं गुळगुळीत झालं होतं.

"समोर पिवळा ठिपका दिसतो? त्याच्यावरची नजर हलवायची नाही. आजूबाजूला कुठेही बारीक दिवा लागेल आणि विझेल. दिवा दिसला की बटण दाबायचं. नाही दिसला, नाही दाबायचं. सोपं आहे."

एका डोळ्यावर पट्टी बांधली, हातात बटण दिलं, खोलीतला दिवा घालवला. आई कोपऱ्यातल्या स्टुलावर अंग चोरून बसली.

यंत्रातून 'टिक' असा आवाज आला आणि मध्याजवळ एक ठिपका चमकला. घारूने बटण दाबलं. पुन्हा टिक, पुन्हा ठिपका, पुन्हा बटण. मग टिक झालं आणि ठिपका... लागला असावा. वर कुठेतरी. हो, वरच. तिने दाबलं. टिक. दाबलं. टिक. दाबलं. अंगठा तिला विचारेनासा झाला. काही वेळाने तर तिला चक्क बरं वाटू लागलं. आपण चुकत नाही आहोत, एकही सोडत नाही आहोत, छान चाललंय. आपण इथे कशासाठी आलोय तेच ती विसरली. जन्मभर परीक्षा देत आलेल्या माणसाला परीक्षा समोर आली की उत्तर द्यायचंच सुचतं.

बाईंनी दिवा लावला, पडद्यावर वाकून पाहिलं आणि तोंडाने च्च केलं. "हे काय केलंत?" त्या म्हणाल्या. पुढे काही न बोलता त्यांनी कागद डॉक्टरांच्या खोलीत नेऊन दिला.

डॉक्टरीणबाईंचे केस आखूड होते आणि आवाज मऊ होता, त्यामुळे भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढत होती. त्यांनी आधी एक बारीक प्रखर दिवा घेऊन घारूच्या दोन्ही डोळ्यांत खोल पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग कागद उचलला.

"या कागदाप्रमाणे तुला भिंतीपलीकडचंही दिसतं."

घारू कागदाकडे बघू लागली.

"हे यंत्र मधूनमधून नुसताच आवाज करतं, दिवा लावतच नाही. समोरचा माणूस खरं सांगतोय का ते बघायला. तू त्यातल्या जवळजवळ प्रत्येक आवाजाला बटण दाबलंयस." त्यांनी कागद खाली ठेवला. "दाखला मागायला येणारे न दिसण्याचं सोंग घेतात. ते मला नवीन नाही. दिसण्याचं सोंग घेणारी तू पहिलीच."

"सोंग नाही हो डॉक्टर," आई कळवळून म्हणाली, "सवय आहे तिची ती." आणि बोलून बसल्यावर स्वतःच दचकली.

डॉक्टरीणबाईंनी आईकडे नीट पाहिलं. "तिच्या डोळ्याच्या पडद्यावर खुणा आहेत. मला त्या दिसतात. पण खुणा आहेत म्हणजे नेमकं किती दिसत नाही ते मी मनाने लिहू शकत नाही. त्याला नकाशा लागतो आणि हा नकाशा कामाचा नाही. मला शंका नाही, पण कागदाला असते. दुपारी पुन्हा एकदा तपासू. पुन्हा असंच आलं तर 'निष्कर्ष काढता येत नाही' असं लिहून मोठ्या इस्पितळात पाठवणं एवढंच माझ्या हातात आहे. तिथली तारीख परीक्षेच्या आत मिळायची नाही."

*

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. डबा आईच्या मांडीवर होता, उघडायचं कुणाच्या मनात नव्हतं. समोरून डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली म्हातारी माणसं आपापल्या सुनांच्या, मुलांच्या हाताला धरून चालली होती. घारूला त्यांच्याकडे बघवेना आणि नजर काढून घ्यायलाही धजवेना.

"ऐक," आई कुजबुजली. "आता दाबूच नकोस."

"म्हणजे खोटं सांगू?"

"मग मघाशी खरं सांगितलंस त्याचं काय झालं?"

"मघाशी खरं सांगितलंच नाही ना, आई. तीच तर गोम आहे. आणि नाही दाबलं तरी ते यंत्र पकडेल. मधले दिवे मला दिसतात हे आता त्यांना कळलंय."

"मग दिसेल तेव्हा दाब, नाही दिसणार तेव्हा नको दाबूस. पाळणाघरातल्या लेकरालासुद्धा कळेल एवढं."

"मला नाही कळत." घारूचा आवाज चिरका झाला, तिने तो खाली आणला. "मला खरंच कळत नाही, मी कधी बघते आणि कधी ओळखते. आता तुझ्याकडे बघतेय तर तुझं नाक दिसतंय, डोळे दिसतायत. तुझा हात कुठे आहे ते मला माहीत आहे. दिसतो की नुसताच माहीत आहे, ते सांगता येत नाही."

आई तिच्याकडे वळली.

"कुठे आहे माझा हात?"

"कुठला?"

"डावा."

"डब्यावर."

आईने डब्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरोबर." अगदी सहज म्हणाली, पाळणाघरातल्या पोरांच्या आयांना 'आज मुळीच रडला नाही' सांगते तशी.

आणि तेव्हा घारूला टिकटिक ऐकू आली. आईच्या मनगटी घड्याळाची. डाव्या हाताला बांधलेल्या. ती डब्यापाशी होत नव्हती, कानाजवळ होत होती. आईने हात तिच्या गालापासून वीतभर अंतरावर, हवेत धरलेला होता.

आई खोटं बोलली याचा घारूला राग नाही आला. आईचा हात एवढ्या जवळ येतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही, तर आणखी काय काय असं जवळ येऊन उभं राहत असेल, हे तिच्या मनात आलं. आईने हात हळूच खाली घेतला. टिकटिक कानापासून लांब गेली. म्हणजे कान, घारूच्या डोक्यात आलं. सगळं कानच करतायत.

ती उठली. उठताना बाकाच्या कडेला तिची नडगी सडकून आपटली, तिकडे तिने लक्ष दिलं नाही.

*

"कापूस?" मशीनवाल्या बाई म्हणाल्या. "कशाला?"

"कानात घालायला. मशीनचा आवाज येतो. तो आला की मी दाबते."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मघाची च्च करणारी नजर जरा बदलली. "असं आजवर कुणी मागितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण घालू नका असंही कुठे लिहिलेलं नाही. मग तुम्हाला काही सांगायचं झालं तर कसं सांगू?"

"खांद्यावर हात ठेवा. आणि आईला बाहेर बसू दे."

आई काहीतरी म्हणायला गेली, पण लेकीचा चेहरा बघून बाहेर गेली.

कापूस चांगला दाबून बसवल्यावर आधी रस्त्यावरचे हॉर्न गेले, मग पंखा गेला, मग बाईंच्या पावलांचा आवाज गेला. घारूने हनुवटी पट्टीवर टेकवली. खोलीतला दिवा गेला. आता तिच्या मालकीचं असं एक पांढुरकं धुकं होतं, त्यात एक पिवळा ठिपका आणि हातात बटण. स्वतःच्या छातीतले ठोके तिला दातांत जाणवत होते.

पिवळ्या ठिपक्याला लागून एक दिवा लागला. दाबलं. दुसरा. दाबलं. जरा वर आणखी एक, फिकट. दाबलं.

मग काही नाही.

ती वाट बघत राहिली. पिवळा ठिपका होता, धुकं होतं, बाकी काही नाही. मशीन थांबत असेल मधे, तिने स्वतःची समजूत घातली. दम खाऊ देत असेल माणसाला. ती वाट बघत राहिली. एक दिवा चमकला, तिने धपापत दाबलं. पुन्हा काही नाही. हे फार वेळ चाललं. इतका वेळ, की वायर निघाली असणार, वीज गेली असणार, बाई चहाला गेल्या असणार, असं एकेक कारण येऊन तिच्यापाशी उभं राहिलं आणि एकेक करून संपलं. शेवटी तिला राहवेना.

"बाई, मशीन बंद पडलंय का?"

कानात कापूस होता, त्यामुळे ती ओरडलीच असावी. खांद्यावर हात आला. बाई अगदी जवळ वाकल्या, कापसाच्या पलीकडून त्यांचा आवाज आला, आणि पहिल्यांदाच तो गुळगुळीत नव्हता.

"चालू आहे, बाळ. मघापासून चालूच आहे."

म्हणजे हे सगळं चालू होतं. ती नुसतीच बसून होती तेवढा सगळा वेळ तिच्या आजूबाजूला दिवे लागत होते आणि विझत होते. वर, खाली, उजवीकडे, डावीकडे. कुणीतरी एवढ्या दिव्यांनी तिला हाका मारत होतं आणि ती ठिपक्याकडे तोंड करून शांत बसली होती. घारू घाबरली. अशी घाबरली की तिला उठून पळावंसं वाटलं, पण पळायचं कुठे आणि पायात काय येईल हे तरी कुठे ठाऊक होतं. तिला ती बोटं आठवली, पायाखाली मऊ लागलेली. ते पोर तिच्या वाटेत बसलं होतं, उजेडात, सगळ्यांना दिसेल असं. ते तिथे होतंच.

आता दाबावं असं तिला फार वाटलं. दिवा दिसतो म्हणून नव्हे, ही शांतता मोडावी म्हणून. एकदाच. कुठेतरी वर लागलाच असेल एखादा, दाबलं तर बरोबरच निघेल. तिचा अंगठा पांढरा पडला. तिने तो बटणावरून उचलला आणि मुठीबाहेर ताठ धरून ठेवला. डोळ्यांतून पाणी येऊन पिवळा ठिपका पसरायला लागला, तेव्हा बाईंनी मशीन थांबवून तिला डोळे पुसू दिले आणि पुन्हा सुरू केलं. मग पट्टी बदलली. दुसऱ्या डोळ्यालाही तेच.

*

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर दोन कागद होते, एकेका डोळ्याचा एकेक. दोन्हींवर एकेक मोठं वर्तुळ आणि ते सगळं काळं. मधोमध तेवढी एक पांढरी टिकली राहिलेली.

आई खुर्चीच्या टोकावर येऊन वाकून बघत होती. "शाई जास्त पडली का हो?" तिने विचारलं.

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा नकाशा उत्तम आलाय. एकाही फसव्या आवाजाला हिने बटण दाबलेलं नाही."

"मग बसतंय का त्यांच्या नियमात? त्या वर्तुळाच्या आत?"

"बसतंय. आरामात बसतंय."

"बसलं गं," आई घारूकडे वळून म्हणाली आणि तिने तिचा हात दाबला. घारूलाही हायसं वाटलं. खोटं कशाला बोला, पहिल्यांदा हायसंच वाटलं. मॅडमचं आपटलेलं पेन, कारकुनाची यादी, कोरा राहिलेला पेपर, सगळं एकदम मागे पडलं. आपण खोट्या नव्हतो. डॉक्टरीणबाई दाखला लिहायला लागल्या. त्यांचं पेन चालत होतं तोवर घारू त्या पांढऱ्या टिकलीकडे बघत राहिली, आणि हायसं वाटणं हळूहळू कमी होत गेलं.

"डॉक्टर, हे गेल्या वर्षीही एवढंच होतं का?"

"गेल्या वर्षीचा नकाशा असता तर सांगितलं असतं. हा पहिलाच आहे." पेन थांबलं. "या आधी का नाही आलात?"

आई तिच्या पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत होती. घारूने पुढचंच विचारलं.

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी दुसरा नकाशा काढू. दोन हातात आले की किती वेगाने चाललंय ते कळेल. आत्ता मी काही सांगितलं तर तो अंदाज होईल, आणि तुला अंदाजांची काही कमी नाही." डॉक्टरीणबाईंनी शिक्का मारला, सही केली, कागद पुढे केला. तो कुठे आहे ते दिसेना म्हणून घारूने हात टेबलावर ठेवला आणि तो हातात येईपर्यंत तसाच राहू दिला.

बाहेर व्हरांड्यात येताच आईने बाबांना फोन लावला. बाबा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होते. फोन उचलला तेव्हा मागे हातोड्याचे ठोके पडत होते आणि त्यांचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा घुमत होता. आईने फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"मिळालं हो," आई म्हणाली. "दाखला मिळाला. अगदी आरामात बसलं म्हणाल्या. पहिल्यांदा जरा घोटाळा झाला, पण दुसऱ्यांदा तिने असं छान केलं, एकसुद्धा चूक नाही, डॉक्टर म्हणाल्या उत्तम..."

"मला माहीत होतं," बाबा म्हणाले. "घार आहे ती. बरं झालं, एक काळजी मिटली." हातोडा वाजत होता. "आणि डोळे काय म्हणाल्या? तसे ठीक आहेत ना?"

आईचं तोंड उघडं राहिलं. उत्तम हा शब्द तिच्या ओठांवर अजून होता, तो कुठे ठेवावा ते तिला कळेना. तिने फोन लेकीच्या पुढे धरला आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं तोंड झाकलं.

"घारू? आहेस का तिथे? दिसतं ना तसं सगळं?"

हो बाबा, हे तिच्या जिभेवर आलेलंच होतं. बाबांनी हा प्रश्न आजवर किती वेळा विचारला असेल आणि किती वेळा तिने तो पुरा होऊ दिला नसेल. घारूने तोंड मिटलं. फोनमधून ठोके ऐकू येत होते.

"नाही, बाबा."

"म्हणजे?"

"मधलं दिसतं. बाजूचं नाही दिसत. मला वाटत होतं की थोडंतरी दिसतं, पण ते मी ऐकत होते. दिसत काहीच नव्हतं."

बाबांनी कुणाला तरी हातोडा थांबवायला सांगितला. मग फोनवर नुसती पोकळी घुमत राहिली. आई भिंतीला टेकली होती. घारूने फोन दोन्ही हातांत धरला. बाबा काय म्हणतील याची तिला कधी वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

"बरं," बाबा म्हणाले. "वेळ जास्त देणार आहेत ना पण?"

"देणार आहेत."

"पुरेल का तेवढा?"

घारूने दाखल्याच्या घडीवरून बोट फिरवलं.

"पेपरला पुरेल, बाबा," ती म्हणाली.